धरलंय, मामा!

मित्रांनो, सायकलचा ब्रेक कसा लागतो हे मी तुम्हाला सांगायला नको. हँडलवरची मूठ दाबली की तार ओढली जाते, रबराचे गुटके रिमला घासतात आणि चाक थांबतं. सगळा मामला उघडा! तार तुटली तर दिसते, गुटका झिजला तर दिसतो.

मोटारीचं मात्र तसं नसतं. ब्रेकच्या पेडलपासून चाकापर्यंत जाते ती पेन्सिलीहूनही बारीक अशी एक धातूची नळी. तिच्यात काठोकाठ भरलेलं असतं ब्रेक ऑइल. पायाने पेडल दाबायचं, तेलाने तो दाब चाकापर्यंत न्यायचा आणि चाक थांबवायचं. आत काय चाललंय ते बाहेरून कुणालाच दिसत नाही.

हे सगळं मी शिकलो १९७४ सालच्या मे महिन्यात, पुण्यात, माझ्या मामाकडे. ब्रेकबरोबर आणखीही एक गोष्ट शिकलो. ती शिकताना माझी रात्रभर झोप उडाली होती. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. सातवीची परीक्षा संपली की मिरजेहून रेल्वेने पुण्याला मामाकडे जायचं, हा आमचा दरवर्षीचा नेम. मामा शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात राहायचा. कारखान्यात तो फिटर होता. पण त्याचा जीव रमायचा वाड्याच्या मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. पाळी संपली की तिथे तो लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा. पैशासाठी थोडं, हौस म्हणून जास्त!

त्या सुट्टीत शेडमध्ये एक पाहुणी आली होती. मामाच्या ओळखीचे एक डॉक्टर डेक्कनला राहायचे, त्यांची स्पोर्ट्‌स कार. एम.जी. टी.डी. असं तिचं नाव. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात ह्या गाड्या बनल्या, जवळजवळ तीस हजार. त्यातल्या बहुतेक बोटीने अमेरिकेला गेल्या. थोड्या आपल्याकडेही आल्या. डॉक्टरकाकांची गाडी १९५१ सालची होती. म्हणजे माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी!

काय रुबाब होता तिचा! गडद हिरवा रंग, लांबलचक नाक, पुढे दोन मोठे गोल दिवे, पक्ष्याच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंना पसरलेले मडगार्ड. बसायला जागा फक्त दोघांना. छप्पर कापडाचं, हवं तेव्हा मागे दुमडायचं. पुढची काचसुद्धा आडवी पाडता यायची. मागे पेट्रोलची चौकोनी टाकी आणि तिच्या पाठीवर टांगलेलं जादा चाक. वाड्यातली सगळी पोरं शेडच्या दाराशी गर्दी करायची. पण आत जायची परवानगी मला एकट्यालाच. कारण मी मामाचा मदतनीस होतो. ‘‘हा आमचा अर्धा मिस्त्री!’’ असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, तेव्हा माझी छाती फुगून दुप्पट व्हायची.

गाडीचं दुखणं असं होतं, की ब्रेकवर पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली जायचं. मामाने तपासून सांगितलं, की मास्टर सिलिंडरमधले रबरी वॉशर गेलेत. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलजवळचा एक छोटासा पंप. पेडल दाबलं की त्याच्यातला दट्ट्या पुढे सरकतो आणि तेल नळ्यांमध्ये रेटलं जातं. चाकाजवळ पुन्हा छोटे सिलिंडर असतात. तेलाचा दाब आला की त्यांच्यातले दट्टे बाहेर सरकतात, ब्रेकच्या शूजना ढकलतात, शू चाकाच्या ड्रमला आतून घासतात आणि गाडी थांबते.

तुम्ही म्हणाल, इतकी मोठी गाडी एवढ्याशा तेलाने कशी थांबते? त्यासाठी एक प्रयोग करून पाहा. औषधाच्या दुकानातून सुया नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा, एक लहान, एक मोठी. त्यांची तोंडं एका बारीक नळीने जोडा. जोडण्याआधी नळीत आणि सिरिंजमध्ये पाणी भरा, हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. आता लहान सिरिंजचा दट्ट्या दाबा. मोठीचा दट्ट्या लगेच बाहेर सरकेल. एका हाताने लहान दट्ट्या दाबत दुसऱ्या हाताने मोठा अडवून पाहा. मोठ्याचा जोर जास्त लागतो, हे तुमच्या हातालाच कळेल. मात्र तो सरकतो थोडासाच. जोर वाढतो, अंतर कमी होतं. बंद भांड्यातल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितला. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो भेटेलच.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. नळी काढून थोडी हवा आत जाऊ द्या आणि पुन्हा दाबा. काय झालं? दट्ट्या आत गेला, पण पलीकडचा हललाच नाही, नाहीतर उशिराने थोडासा हलला! पाणी दबून लहान होत नाही म्हटलं तरी चालेल. हवा मात्र स्पंजासारखी दबते. तुम्ही लावलेला जोर त्या बुडबुड्याला दाबण्यातच संपतो. प्रयोगात हे पाहून हसू येतं. पण हीच गोष्ट घाट उतरणाऱ्या मोटारीत झाली तर? म्हणून ब्रेकचं काही काम केलं, की नळ्यांमधली हवा शेवटच्या बुडबुड्यापर्यंत बाहेर काढावी लागते. मिस्त्री लोक याला ‘हवा काढणं’ किंवा ‘ब्लीड करणं’ म्हणतात.

मामाने नवे वॉशर बसवले आणि मला हाक मारली.

‘‘हे काम एकट्याचं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘एक माणूस पेडलवर, एक चाकाशी. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. त्यामुळे सगळं काम शब्दांवर चालतं. मी ‘दाब’ म्हटलं की पेडल दोन-तीनदा हळूहळू दाबायचं आणि मग दाबून ठेवायचं. ठेवलंस की ओरडायचं, ‘धरलंय!’ मी इकडे निपल सैल करीन. पेडल तुझ्या पायाखाली तळाला जाईल. घाबरायचं नाही, आणि पाय उचलायचा नाही. मी निपल घट्ट करून ‘सोड’ म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. आधी सोडलंस, तर तेलाऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाईल. कळलं?’’

‘‘कळलं!’’

‘‘आणि दुसरं. तेल बाहेर निघतं तसं टाकीतलं कमी होतं. दर चार-पाच वेळा दाबून झालं की टाकीत बघायचं आणि भर घालायची. टाकी कधीही रिकामी होता कामा नये. ती तुझी जबाबदारी.’’

ह्या गाडीची तेलाची टाकी असते ड्रायव्हरच्या पायाखाली. मामाने तिथली फळी काढून ठेवली होती. त्यामुळे मी ड्रायव्हरच्या जागेवर बसूनच खाली वाकून तेल बघू शकत होतो. मामाने चाकांना दगडांची उटी लावली आणि मागच्या डाव्या चाकाशी जाऊन बसला. सुरुवात तिथून, कारण मास्टर सिलिंडर उजवीकडे आणि ते चाक त्याच्यापासून सगळ्यांत लांब. मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला त्याने डॉक्टरकाकांच्या दवाखान्यातून आणलेली सलाइनची पारदर्शक नळी जोडली. तिचं दुसरं टोक काचेच्या बाटलीत, थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलं. हवा निघाली की नळीतून बुडबुडे पळताना दिसतात.

‘‘दाब!’’

‘‘धरलंय, मामा!’’

‘‘सोड!’’

दाब, धरलंय, सोड. दाब, धरलंय, सोड. पहिल्या चाकाला खूप वेळ लागला. नळीतून आधी नुसताच फस्स आवाज, मग फेस, मग तेलात माळेसारखे बुडबुडे, आणि शेवटी नुसतं स्वच्छ पिवळसर तेल. मी मन लावून टाकीकडे बघत होतो, भर घालत होतो. एकदा मडगार्डवर तेलाचा थेंब सांडला तर मामा धावत आला आणि त्याने तो पाण्याने धुऊन काढला. ब्रेक ऑइलने रंग सोलून निघतो, बरं का!

तीन चाकं झाली. चौथ्याच्या वेळेला ऊन कलायला लागलं होतं. आणि माझं लक्ष सुटलं.

सुटलं कसं, तेही सांगतो. मी स्पोर्ट्‌स कारच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसलो होतो! समोर मोठं स्टिअरिंग, काट्यांची गोल घड्याळं, पुढे लांबलचक हिरवं नाक. मामाने मला एक गोष्ट सांगितली होती. १९२१ साली फ्रान्समध्ये ल माँ इथे मोठी शर्यत झाली. ती जिमी मर्फी नावाच्या अमेरिकन ड्रायव्हरने ड्यूसेनबर्ग गाडीतून जिंकली, आणि त्या गाडीला चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. झालं! मी झालो जिमी मर्फी. मामाच्या हाकेला पाय आपोआप ‘दाब, धरलंय, सोड’ करत होता, आणि मनातल्या मनात मी एकेका गाडीला मागे टाकत होतो.

तेवढ्यात पायाखालून आवाज आला. गुळ्‌ऽऽक.

मी खाली वाकून बघितलं. टाकीचा तळ दिसत होता.

माझ्या पोटात गोळा आला. मी घाईघाईने डबा उचलला आणि टाकी भरून टाकली. मामाला काही कळलं नव्हतं. त्याने निपल आवळलं, नळी काढली, घड्याळ बघितलं. त्याची त्या दिवशी रात्रपाळी होती आणि कारखान्याची बस चुकून चालणार नव्हती. त्याच वेळी डॉक्टरकाकाही गाडी न्यायला आले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला ते त्यांच्या लहान मुलीला घेऊन पाचगणीला निघणार होते. म्हणजे आधी कात्रजचा घाट, मग खंबाटकी, वाईच्या पुढे पसरणीचा घाट. आणि तेच सगळे घाट परत!

मामाने चिंधीला हात पुसत मला विचारलं, ‘‘पेडल कसं लागतंय रे?’’

मी दाबून बघितलं. मघापेक्षा ते खाली जात होतं. मऊ लागत होतं. पायाखाली ओला बोळा असावा तसं.

दोन शब्द होते माझ्याकडे. ‘मऊ लागतंय’ म्हटलं असतं तर मामाने विचारलं असतं, का? मग टाकीचं सांगावं लागलं असतं. डॉक्टरकाकांसमोर. आणि मग कुठला अर्धा मिस्त्री!

मी म्हणालो, ‘‘घट्ट आहे, मामा.’’

मामाने फळी बसवली, हात धुतले आणि डबा घेऊन पळाला. डॉक्टरकाका माझ्या पाठीवर थाप मारून, गाडी घेऊन गेले.

त्या रात्री मामीने आमरस केला होता. मला घास जाईना. अंथरुणावर पडलो, पण डोळे मिटले की कात्रजचं वळण दिसायचं. मी स्वतःला खूप समजावलं. थोडीशीच तर हवा असेल. घरी जाताना त्यांना कळलं असतं तर ते परत आले नसते का? मी टाकी लगेच भरली की. पण सिरिंज मीही दाबून बघितली होती. एवढासा बुडबुडा काय करतो ते मला पक्कं माहीत होतं. शिवाय मामाने आणखी एक सांगितलं होतं. आताच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तर दुसरा उरतो. ह्या जुन्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच मार्ग. तो गेला की उरतो फक्त तारेवरचा हँडब्रेक, तोही मागच्या दोनच चाकांना.

पहाटे साडेचारला मामी पाणी भरायला उठली. मी जागाच होतो. तिने विचारलं, ‘‘काय रे, बरं नाही का?’’ आणि मला रडूच फुटलं. हुंदके देत देत सगळं सांगितलं.

मामी रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘‘मग इथं बसून काय रडतोस? मामा यायला साडेसात होतील. डॉक्टर सहाला निघणार. चप्पल घाल!’’

वाड्यात टेलिफोन नव्हता. मी धावत सुटलो. लकडी पुलावर अजून दिवे होते. आयुष्यात तो पूल मला इतका लांब कधी वाटला नाही. डॉक्टरकाकांच्या फाटकाशी पोचलो तर गाडी बाहेर काढलेली. त्यांची छोटी मुलगी गळ्यात पाण्याची बाटली अडकवून, डोक्यावर टोपी घालून आधीच गाडीत जाऊन बसली होती. माझ्याकडे बघून हसली.

ते हसणं बघितलं आणि माझी वाचाच बसली.

‘‘अरे, तू? इतक्या सकाळी?’’ डॉक्टरकाका म्हणाले.

‘‘काका, ब्रेक...’’ मी म्हणालो. ‘‘ब्रेकमध्ये हवा आहे. टाकी रिकामी झाली होती. माझ्यामुळे. मी मामाला सांगितलं नाही. पेडल मऊ होतं आणि मी घट्ट आहे म्हणालो.’’

डॉक्टरकाकांनी काही न बोलता दार उघडलं आणि पायाने पेडल दाबलं. एकदा. मग पुन्हा. मग ते बराच वेळ तसेच उभे राहिले. शेवटी मुलीला उचलून खाली ठेवत म्हणाले, ‘‘काल घरी येताना मला वाटलं होतं, की पेडल जरा खाली जातंय. पण तुझा मामा म्हणाला काम झालंय, म्हणून मी गप्प बसलो.’’

बघा हं मित्रांनो! डॉक्टरकाका विसंबले मामाच्या शब्दावर. मामा विसंबला माझ्या शब्दावर. आणि माझा शब्द कशावर उभा होता? हवेवर!

मामा रात्रपाळीहून घरी आला, मामीने त्याला सगळं सांगितलं, आणि तो चहासुद्धा न घेता हत्यारांची पिशवी घेऊन तडक डेक्कनला आला. मी फाटकाच्या कोपऱ्यात उभा होतो. आता थोबाडीत बसणार, अशी माझी खात्री होती. मामाने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरकाकांकडे वळून म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, चूक माझी आहे. गाडी देण्याआधी पेडल मिस्त्रीने स्वतःच्या पायाने बघायचं असतं. मी घाईत होतो. बारा वर्षांच्या पोराला विचारून निघून गेलो.’’

ते ऐकून मला जितकं वाईट वाटलं, तितकं मार खाऊनही वाटलं नसतं.

मग तो मला म्हणाला, ‘‘पाना घे.’’

‘‘मी?’’

‘‘तूच. आज मी पेडलवर बसतो, तू चाकाशी बस. डॉक्टरसाहेब टाकीकडे बघतील.’’

त्याने निपलवर पाना कसा बसवायचा, किती फिरवायचा ते दाखवलं. ‘‘अर्धा फेरा पुरे. आवळताना जोर दाखवायचा नाही, निपल मोडतं.’’ मी मागच्या डाव्या चाकाशी बसलो. आता मला मामा दिसत नव्हता. मी ओरडलो, ‘‘दाब!’’

‘‘धरलंय!’’ पुढून मामाचा आवाज आला.

मी निपल सैल केलं. आणि सलाइनच्या नळीतून बुडबुडे पळाले. एक, दोन, चार... लहान-मोठे, एकामागोमाग एक. काल संध्याकाळपासून ते ह्या नळ्यांमध्ये लपून बसले होते. माझ्या ‘घट्ट आहे’ने त्यांना लपवलं होतं. मी निपल आवळलं आणि ‘सोड’ म्हणालो. माझा आवाज कापत होता.

चार चाकं झाली. ऊन चढलं. छोटी मुलगी पायरीवर बसून कंटाळली होती, डॉक्टरकाका घड्याळ बघत होते. शेवटच्या चाकाच्या नळीतून सलग चार वेळा नुसतं तेल आलं. मामाने पुढून विचारलं, ‘‘झाली का सगळी हवा?’’

मी नळीकडे बघत होतो. पाचव्यांदा दाबल्यावर टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा हळूच पुढे सरकला होता. सगळे वाट बघत होते. ‘झाली’ म्हणणं किती सोपं होतं!

‘‘नाही, मामा,’’ मी म्हणालो. ‘‘अजून एक दिसतोय.’’

पुढून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग मामा म्हणाला, ‘‘शाबास. धरलंय!’’

आम्ही आणखी सहा वेळा केलं. मग मामाने स्वतः पेडल दाबलं, मला दाबायला लावलं, डॉक्टरकाकांना दाबायला लावलं. दगडासारखं घट्ट! शेवटी गाडी बाहेर काढून रिकाम्या रस्त्यावर तीन-चारदा ब्रेक लावून बघितले. तेव्हा मामाने मला शेजारी बसवलं होतं. स्पोर्ट्‌स कारमधली माझी पहिली फेरी ती. पण जिमी मर्फीची आठवण मला एकदाही झाली नाही. मी मामाच्या पायाकडेच बघत होतो.

दहा वाजता गाडी निघाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरकाका वाड्यावर आले, पाचगणीच्या तुतींची करंडी घेऊन. घाट कसा होता, असं मी विचारायच्या आतच छोटी म्हणाली, ‘‘बाबा सारखे थांबून थांबून बघत होते, गाडी थांबते की नाही!’’ सगळे हसले. मीही हसलो. पुन्हा हसू आलं ते तीन दिवसांनी.

ह्या गोष्टीला आता पन्नासहून अधिक वर्षं झाली. मामा आता नाही. ती गाडी कुठे आहे, मला ठाऊक नाही. पण ब्रेकचं तत्त्व बदललेलं नाही. तुमच्या बाबांच्या किंवा ताईच्या मोटारसायकलला पुढे डिस्क ब्रेक असेल, तर हँडलवर उजव्या मुठीजवळ एक छोटीशी डबी दिसेल. बहुतेक गाड्यांत तिला एक काचेची खिडकी असते. तिच्यात दिसतं ते ब्रेक ऑइल. त्याची पातळी खालच्या खुणेच्या वर आहे ना, हे तुम्ही रोज बघू शकता. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवं तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. पाणी शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले की जुनं तेल उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. म्हणून तेल ठरल्या मुदतीत बदलावं लागतं, आणि बाटलीत काढलेलं तेल पुन्हा कधीही वापरायचं नसतं. हे काम मोठ्या, जाणत्या माणसाशिवाय करू नका. पण ते चाललं असेल तर जवळ जाऊन जरूर बघा, आणि पेडलवर बसायला मिळालं तर बसा!

आणि आईबाबांनो, तुम्हीही वाचत असाल म्हणून एक सांगतो. त्या सकाळी मामीने ‘चप्पल घाल’ म्हटलं आणि मामाने ‘पाना घे’ म्हटलं. दोघांनीही आधी मला काम सांगितलं, रागावणं नंतरसाठी ठेवलं. पुढे कधी ते रागावले असतील, तर मला आठवत नाही. चाकाशी बसून काढलेली हवा मात्र अजून आठवते.

मित्रांनो, चूक कुणाच्याही हातून होते. मन भटकतं, टाकी रिकामी होते. तेवढ्याने काही बिघडत नाही, पुन्हा हवा काढता येते. पण पलीकडे बसलेल्या माणसाला तुमचा पाय दिसत नसतो. त्याला ऐकू येतो तो फक्त तुमचा शब्द. तेव्हा ‘धरलंय’ म्हणाल, तर खरंच धरलेलं असू द्या. आणि सुटलं असेल, तर मोठ्याने सांगा, ‘‘मामा, सुटलं!’’